ईनेसबाईच्या शेजारी लिहिलेलं नाव

त्या गाडीत आमच्या घरातलं कोणी कधी बसलं नाही, पण तिच्या सीटच्या आत काय काय असतं ते आम्हाला तिघांनाही पाठ होतं. आधी लोखंडाची चौकट, मग स्प्रिंगा, मग घोड्याच्या केसांची गादी, मग तरट, मग जाडं पांढरं कापड आणि सगळ्यात वर चामडं. गाडी इटलीची, कंपनीचं नाव मी लिहीत नाही, पण पोरं भिंतीवर जिची चित्रं लावतात तसली, नाक जमिनीला टेकल्यासारखं आणि कडेला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. ब्रिस्टलच्या बाहेर, मोटरवेच्या आधी, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ग्रॅहमचं वर्कशॉप होतं आणि तिथे अशा जुन्या गाड्या परत जुन्यासारख्या करायचे. नव्यासारख्या नाही, जुन्यासारख्या. हा फरक आप्पांनी मला शंभरदा तरी सांगितला असेल. "नवं कुणीबी करंल," ते म्हणायचे, "जुनं करायला डोकं लागतं."

आप्पा म्हणजे माझे वडील. पुण्यात भवानी पेठेत ते रिक्षाच्या सीटा शिवायचे, मग एका हौशी माणसाच्या जुन्या गाड्यांचं काम करायला लागले, तिथे ग्रॅहम आला होता कसलीतरी गाडी बघायला आणि आप्पांचं काम बघून तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला. मग कागद झाले, व्हिसा झाला, आणि मी बारा वर्षांची असताना आम्ही तिघं ब्रिस्टलच्या फिशपॉण्ड्स भागातल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. माझी मराठी शाळा सहावीतच सुटली आणि इथलं कॉलेज पण मी धड पूर्ण केलं नाही, म्हणून हे असं बोलल्यासारखं लिहिते आहे. ओवी दुपारची झोपली आहे, चार वर्षांची झाली तरी झोपते, आणि ती उठायच्या आत मला हे कागदावर उतरवायचं आहे, कारण मागच्या महिन्यात वर्कशॉपमध्ये जे झालं त्यानंतर मला हे आत ठेवता येत नाही.

तो फ्लॅट म्हटला की मला आधी स्मोक अलार्म ऐकू येतो. आई ज्वारीच्या भाकरी करायची, भाकरी विस्तवावर टाकली की तो छतावरचा पांढरा डबा बोंबलायला लागायचा, आणि माझं काम म्हणजे स्टुलावर उभं राहून टी-टॉवेलने त्याला वारा घालायचा. सुकट भाजायची असेल तर आई सगळ्या खिडक्या उघडायची, मग थंडी आत यायची, मग आप्पा कुरकुरायचे, मग आई म्हणायची, "सुकट पायजे का ऊब पायजे, एक काय ते सांगा." बाहेर सीगल ओरडायचे, त्यांना वास कळायचा. आई एका केअर होमच्या किचनमध्ये कामाला होती, तिथे दिवसभर उकडलेलं बघून बघून ती घरी येऊन खरडा कुटायची, नाकातोंडातून पाणी येईल असा. आणि लहान खोलीत, जिथे मी झोपायची तिथेच, आप्पांचं मशीन होतं, जाड सुईचं, त्याचा आवाज टक टक टक असा जड, घाई नसलेला. चामड्याचा वास माझ्या ब्लेझरला, केसांना, पुस्तकांना. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "यू स्मेल लाइक अ पॉश कार," आणि त्या खरंच चांगल्या अर्थाने म्हणायच्या, पण मी ब्लेझर रात्रभर खिडकीबाहेर टांगून ठेवायची.

का, ते सांगते. आमची जात चांभाराची. लिहिताना अजून हात थांबतो बघा. इथे कोणाला ते माहीत नव्हतं आणि कोणी विचारत पण नव्हतं. आप्पांना त्याचं केवढं नवल, ते म्हणायचे, "इथं चामड्याला हात लावला तर लोक शेकहॅण्ड करत्यात." माझ्या आजोबांची रापी, चामडं तासायची पसरट पात्याची, मूठ घासून घासून काळी झालेली, ती त्यांनी पुण्याहून बॅगेत घालून आणली होती, एअरपोर्टवाल्यांनी दोनदा बॅग उघडून बघितली ती. वर्कशॉपमध्ये जर्मन, जपानी, कसली कसली हत्यारं होती पण कडा पातळ करायला आप्पा रापीच घ्यायचे. मला ती बघवायची नाही. पुण्यात शाळेत एका मुलीने मला पाण्याची बाटली दिली नव्हती, आणि का ते सांगितलं पण नव्हतं, नुसती झाकण लावून दप्तरात ठेवली होती. ते मी विमानातून माझ्याबरोबरच आणलं होतं, रापीसारखंच.

आता ईनेसबाई कोण ते. त्या गाड्यांच्या सीटा इटलीत बायका शिवायच्या. एकदा एक जुनी सीट उसवताना आप्पांना आतल्या पांढऱ्या कापडावर पेन्सिलने लिहिलेलं नाव सापडलं, ग्रॅहमने वाचून दाखवलं, ईनेस. तिकडची रीत होती म्हणे, जिने शिवलं तिने आत नाव टाकायचं, आणि पुढे कधी कोणी ती सीट पुन्हा केली तर त्याने आपलं नाव शेजारी टाकायचं, जुनं पुसायचं नाही. बाहेर बॉनेटवर कंपनीचा बिल्ला, आत माणसाचं नाव. आप्पांना हे इतकं आवडलं की ते घरी येऊन चहा न पिता तेच सांगत बसले. मग ईनेसबाई आमच्या घरात राहायलाच आली. "ईनेसबाईचा टाका बघ, दर सातव्याला जरा तिरका होतो." "ईनेसबाई कोपऱ्यात दोरा ओढून घेत न्हाई, सैल सोडती, म्हणून चामडं फाटलं न्हाई इतकी वर्षं." ग्रॅहमकडचे आधीचे कारागीर सरळसोट शिवायचे, एकदम नीट, आणि तिथेच ती गाडी इटलीची राहायची नाही. आप्पा त्या बाईचा हात शिकले. तिचे टाके मोजायचे, घरी येऊन तुकड्यांवर तसेच तिरके घालायचे, उसवायचे, परत घालायचे. एक दिवस म्हणाले, "बाई डावरी व्हती." आई पीठ मळता मळता म्हणाली, "तुमच्या त्या ईनेसबाईला डबा भरून देऊ का उद्या? भेंडी चालंल का तिला?" आप्पा म्हणाले, "तिला चालंल, तुझ्या हातची मलाच चालत न्हाई." असं सगळं चांगलं चाललं होतं. मला ते आता आठवलं की रडू येतं, तेव्हा मला वाटायचं, ही माणसं एका मेलेल्या बाईच्या टाक्यांवर काय बोलत बसतात.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा मराठी मंडळाच्या दिवाळीच्या डान्ससाठी नाव दिलं. तिथे सायली भेटली. तिचा जन्म इथलाच, वडील हॉस्पिटलमध्ये मोठे डॉक्टर, ती प्रायव्हेट शाळेत. प्रॅक्टिस त्यांच्या घरी असायची, टेकडीवरचं घर, सगळीकडे गालिचे. सायली चांगली होती, मनाने एकदम मोकळी, तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं, "माझा आई खूप छान वडी करतो," म्हणायची, आणि तिची आई म्हणजे लेलेकाकू लांबूनच ओरडायची, "करते ग, करते." पहिल्याच दिवशी काकूंनी माझ्या हातात कोथिंबीरवडीची डिश दिली आणि सहज विचारलं, अगदी सहज, "आडनाव काय ग तुझं?"

मी कांबळे म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. पण मला ती बाटली आठवली, झाकण लावलेली, आणि मी म्हणाले, "कर्णिक." पुण्याच्या शाळेत आम्हाला कर्णिकबाई होत्या, त्यांची साडी कधी चुरगळायची नाही, तेवढंच कारण. काकू म्हणाल्या, "अरे वा. आणि बाबा काय करतात?" मी म्हणाले, "इटालियन स्पोर्ट्स कार्सचं इंटिरियर डिझाइन करतात." एकदा सुरुवात झाली की पुढचं आपोआप येतं, ते मला त्या दिवशी कळलं. वडी खूप छान होती, मी चार खाल्ल्या.

तेवढ्यावर राहिलं असतं. पण डॉक्टरकाका नेमके त्याच गाड्यांचे वेडे निघाले. काचेच्या कपाटात छोटी छोटी मॉडेल्स होती, लाल, पिवळी, निळी, आणि ते मला एकेक काढून दाखवायचे, हे बघ नाक, हा उतार तेव्हापासून बदललेला नाही, इंजिन बदललं, काळ बदलला पण कुठल्याही वर्षाची गाडी उभी कर, लांबून कळतं कुठल्या घराण्याची आहे. घराणं हा शब्द त्यांचा. मी हो हो करायची. मला त्यातलं त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, चामड्याखालचं, पण मी बोलायची नाही, कारण जे माहीत होतं ते कारागिराच्या पोरीला माहीत असतं, डिझायनरच्या नाही.

मग त्या वर्षी ग्रॅहमकडची एक गाडी इटलीकडून पास करून घ्यायची होती. कंपनीतच एक खातं आहे, ते जुन्या गाड्या तपासतात, सगळं मूळच्यासारखं असेल तर सर्टिफिकेट देतात, आणि त्यात काम कोणी केलं त्यांची नावं पण छापतात. तिथली एक बाई येणार होती, आणि ग्रॅहमने त्याच शनिवारी ओपन डे ठेवला, जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक बोलावले. एका सीटचं कव्हर मागून उघडंच ठेवायचं होतं, तिला आतलं बघता यावं म्हणून. गुरुवारी प्रॅक्टिसला डॉक्टरकाका मला म्हणाले, "पल्लवी, शनिवारी ग्रॅहमच्या ओपन डेला आम्ही सगळे येतोय ग, असलं काम इथे तिथेच होतं, मला तुझ्या बाबांना भेटायचंच आहे." मी हसले.

आणि शुक्रवारी शाळेतून मी वर्कशॉपला गेले तर आप्पा वाटच बघत होते. हात साबणाने धुतलेले, शर्ट बदललेला. ईनेस त्या कापडावर होतीच, बारीक, उजवीकडे कललेली. शेजारी आप्पांनी मराठीत आनंदा कांबळे असं लिहिलं होतं आणि मग पुसलं होतं, पुसल्याचा डाग होता. "ग्रॅहम म्हनतो इटलीवाल्यांना वाचता येनार न्हाई," ते म्हणाले. "इंग्लिशमधी पायजे. माझं इंग्लिश अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तू लिही. तुझं अक्षर सुंदर हाय." आणि पेन्सिल त्यांनी मला दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी.

आप्पांना इंग्रजीचं एकेक अक्षर ओळखू यायचं, बसची पाटी, औषधाची बाटली, लावून लावून वाचायचे. पण जोडून लिहिलेलं, इथल्या शाळेत शिकवतात तसं एकात एक गुंतवलेलं, ते त्यांना येत नव्हतं. हे मला माहीत होतं. मी गुडघ्यावर बसले आणि ईनेसच्या शेजारी, एकात एक गुंतवून, सुंदर अक्षरात, ए. कर्णिक लिहिलं. आप्पा वाकून बघत होते. म्हणाले, "झालं?" मी म्हणाले, "झालं." त्यांनी त्याच्यावर फुंकर मारली, पेन्सिलवर कोण फुंकर मारतं, आणि म्हणाले, "तुझ्या आज्ज्याचं आडनाव इटलीला चाललं बघ."

हे सगळं लिहून झालं की पुढचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

शनिवारी आईने मला डबा देऊन पाठवलं, ती स्वतः कामावर. वर्कशॉप धुऊन पुसून चकाचक, सगळी माणसं कप घेऊन फिरत होती, आणि आप्पा कोपऱ्यात त्यांच्या बाकाजवळ, लग्नात घालायचा कोट घालून. इटलीची बाई बारीक, पिकलेल्या केसांची, हातात टॉर्च. तिने सीटवर आधी नुसता हात फिरवला, डोळे मिटून. मग वाकून टाके बघितले, खूप वेळ. मग ग्रॅहमला काहीतरी विचारलं आणि ग्रॅहम आप्पांना, आनंदाचं त्याने अ‍ॅण्डी केलं होतं, म्हणाला, "अ‍ॅण्डी, शी वॉन्ट्स टू नो, हे तिरके टाके तू मुद्दाम घातलेस का?" आप्पा म्हणाले, "यस. ईनेस लेफ्ट हॅण्ड." आणि डाव्या हाताने हवेत शिवून दाखवलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तिने स्वतः ईनेसला बघितलंय, नवीन नोकरीला लागली होती तेव्हा ईनेस रिटायर व्हायला आली होती, आणि हो, डावरी होती, कात्री तिची वेगळी असायची, कोणी उचलली तर ओरडायची. लोक टाळ्या वाजवायला लागले. आप्पांचं तोंड मी तसं कधीच बघितलं नव्हतं, ना त्याआधी, ना नंतर. आणि त्या टाळ्यांमध्येच मला मागून आवाज आला, "पल्लवी, तुझा बाबा कुठे आहे? मला बघायचा आहे तो कार."

सायली, काकू, डॉक्टरकाका. मी काही करू शकले असते. आप्पांना आधी बाजूला घेऊन सांगू शकले असते, सकाळपासून किती वेळ होता. मी डबा हातात घेऊन उभी राहिले. इटलीच्या बाईने सीट उलटी केली, टॉर्च मारला, फोनने फोटो काढले आणि मोठ्याने वाचलं, "ईनेस. ए... कर्णिक." आणि डॉक्टरकाका पुढे आले, आप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्हीच का कर्णिक? मी लेले. अहो, काय हात आहे तुमचा. पल्लवी कधी बोललीच नाही इतकं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते, पॉलिश केलेले, एका बुटाच्या टाचेला त्यांनी स्वतःच लावलेला तुकडा. टॉर्च बंद केल्याचा आवाज आला. मग आप्पांचा आवाज, पण आमच्या घरातला नाही, पुण्यात मालकाशी बोलताना काढायचे तसला.

"हो. मीच."

"पुण्यातले का कर्णिक?"

"पुण्यातले."

"आणि या कामात कसे काय आलात हो? म्हणजे आपल्या लोकांत कोणी चामड्याला हात लावत नाही ना, म्हणून विचारतो."

"शौक होता," आप्पा म्हणाले.

डॉक्टरकाकांना ते फारच आवडलं. काकूंना म्हणाले, "बघ, याला म्हणतात पॅशन." मग बाकावरची रापी उचलली. "आणि हे काय? कसलं अवजार?" आप्पा म्हणाले, "इटलीचं हाय." हाय निघून गेलं तोंडातून. "आहे. इटलीचंच आहे." ती इटलीची बाई शेजारीच होती, इटली एवढाच शब्द तिला कळला असेल, तिने रापी घेतली, उलटसुलट केली, पातं अंगठ्यावर बघितलं आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, नाही, ही आमची नाही, आमची अर्धचंद्रासारखी असते, ही कुठली? खूप सुंदर आहे. आणि आप्पा तिला म्हणाले, हळू, "माय फादर."

डॉक्टरकाकांनी ऐकलं. रापी परत त्यांच्या हातात आली होती. "अच्छा," ते म्हणाले. "वडिलांची." त्यांनी ती अगदी जपून, जशी होती तशी ठेवली, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. रापीला मेण असतं, दोऱ्याचं, हाताला चिकटतं. मेणच असेल. मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. मग ते म्हणाले, "चहा कुठे मिळतोय?" आणि ते तिघं चहाच्या टेबलाकडे गेले. सायलीने मागे वळून माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

ग्रॅहमला आप्पांचं आडनाव माहीतच होतं, पगाराच्या कागदावर असायचं. त्याने विचारलं, हे कर्णिक काय? मी कानात प्राण आणून ऐकत होते. आप्पा त्यांच्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, ओल्ड नेम, फॅमिली नेम, फॉर वर्क. ग्रॅहमचे डोळे चमकले. घराण्याचं जुनं नाव, पिढ्यान् पिढ्यांचं, अशा गोष्टींवरच त्याचा धंदा. तो लगेच इटलीच्या बाईला सांगायला गेला.

घरी जाताना बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत होते. फिशपॉण्ड्सला उतरताना ते म्हणाले, "तुझ्या आईला शेवयाची खीर कर म्हनलो होतो. केली असंल." केली होती. आईने विचारलं, "काय म्हनले इटलीवाले?" आप्पा म्हणाले, "पास." "नाव बघितलं?" "बघितलं." "वाचता आलं त्यांना?" "आलं की. पल्लीचं अक्षर सुंदर हाय." आणि मला म्हणाले, "खीर खा." मी खाल्ली. मला वाटत होतं आता ओरडतील, आता ताट भिरकावतील, मी तर वाटच बघत होते, मार खाल्ला असता तर मोकळी झाले असते. ते दुसरी वाटी घेऊन खात बसले.

सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यात छापलेलं होतं, सीट्स बाय ए. कर्णिक. ग्रॅहमने ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. त्या रविवारी आप्पांनी माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. "ते नाव काढून दे यावर," म्हणाले. "सुट्टं सुट्टं काढ. मला गिरवता आलं पायजे." मी म्हणाले, "आप्पा, पुढच्या गाडीवर खरं नाव घाला ना." ते म्हणाले, "आता त्या कागदावर ग्येलंय. दोन नावं दिसली तर ग्रॅहमची गाडी पास हुनार न्हाई." मग मशीनला तेल घालता घालता, माझ्याकडे न बघता, "आन् तुला लागत आसंल ते नाव, तर ऱ्हाऊ दे. माझं काय, नाव सीटच्या आत असतं."

मी काढून दिलं. माझ्या हाताने, सुट्टं सुट्टं. त्यांनी ते ब्राऊन पेपरवर आठवडाभर गिरवलं, टाके घालतात तसं, मान वाकडी करून, के, ए, आर. त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत ते आहे. किती गाड्या, मी मोजल्या नाहीत, मोजायची हिंमत नाही, पण माझ्या सोळाव्या वर्षापासून ते आता ओवी चार वर्षांची होईपर्यंत ते सीटाच शिवत होते. त्या गाड्या कुठे कुठे गेल्या, जपान, दुबई, अमेरिका. सगळ्यांच्या पोटात एक ईनेस, नाहीतर दुसरी कोणी बाई, आणि शेजारी माझ्या शाळेतल्या बाईंचं आडनाव.

लेल्यांकडे मी त्यानंतर गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही असं नाही, सायलीचे मेसेज खूप दिवस येत होते, व्हेअर आर यू, तुझा जागा ठेवला आहे डान्समध्ये. मीच उत्तर दिलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलं, लग्न केलं, ओवी झाली. लग्नानंतर मी कांबळे बदललं नाही, नर्सरीतल्या बायका म्हणतात, गुड फॉर यू. मी त्यांना काही सांगत नाही. आईला अजून यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, इटलीत आमचं नाव आहे.

मागच्या महिन्यात आप्पांचा फोन आला, "ये जरा वर्कशॉपला. पोरीला पन आन." त्यांचा अंगठा आता बधिर झालाय, सुई हातातून पडते, ही शेवटची सीट, ग्रॅहमला त्यांनी सांगून टाकलं होतं. मी ओवीला बाबागाडीत घालून दोन बस बदलून गेले. सीट बाकावर उलटी होती, कव्हर मागून उघडं. पांढऱ्या कापडावर ईनेस. परत तीच. "उसवायच्या आधीच वळाखलं मी," आप्पा म्हणाले. शेजारी जागा मोकळी ठेवलेली. त्यांनी पेन्सिल दिली, दोन्ही हातांनी नाही, एकाच, दुसऱ्याच्या अंगठ्याला पकड नव्हती. "लिही."

"काय लिहू?"

"मला काय इचारती. तुला यतंय की लिव्हायला."

मी लिहिलं. मोठी अक्षरं, सुट्टी सुट्टी, ए. कांबळे. पेन्सिलचं टोक मोडलं मध्येच, दुसरी घेतली. ओवी म्हणत होती, मम्मा, मी, मी. आप्पांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, शेवटपर्यंत, मग परत पहिल्यापासून. मीच म्हणाले, "आप्पा, मी इटलीला लिहू का? ईमेल करते. सगळ्या गाड्यांचं सांगते, मीच केलं म्हणून सांगते."

"कशाला?" ते म्हणाले. "कर्नीक चांगला कारागीर व्हता. त्याला कशाला खोडायचं?"

आणि ते हसायला लागले, खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. "उद्या कुनीतरी हे उघडंल, टॉर्च मारंल आन् म्हनंल, हा कांबळे कोन? ह्यानं कर्नीकाचा हात चोरलाय."

मग चामडं ओढून त्या नावांवर घेतलं आणि मला म्हणाले, इथं धर, माझा अंगठा लागत न्हाई. मी धरलं. ते शिवत गेले, दर सातवा टाका तिरका, आणि माझी नजर काही वर होईना, त्यांच्या बुटांवरच होती.